विचारा की : पुण्याची श्रीमंती आपल्या अंगाला का लागत नाही?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून जे काय आलं त्यात निम्म्याहून जास्त पुण्याबद्दलच निघालं. कऱ्हाड, विटा, जत, पलूस, सातारा, सगळीकडून एकच सूर, पोरगं पुण्यात आहे, पगार बरा आहे, बिल्डिंग तर बघायलाच नको, पण काहीतरी खटकतंय बघा. म्हणून म्हटलं यावेळी विहिरीच्या वाटण्या आणि सासू-सुना बाजूला ठेवू (एक सासू-सून तरीही घुसलीच आहे) आणि पुण्यावरच बोलू.

प्रश्न : मी कऱ्हाडची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सध्या खराडीला मुलाकडे आहे, बाविसावा मजला. टॉवरला तीन लिफ्ट, त्यातल्या एकीवर 'सर्व्हिस' लिहिलंय. घरी पोळ्या-भांड्याला येणारी बाई बोलता बोलता म्हसवडकडची निघाली, माझं माहेर दहिवडी, म्हणजे गाववालीच की. खाली जाताना तिला माझ्यासोबत मोठ्या लिफ्टमध्ये घेतलं तर वॉचमनने तिला हटकलं, मला नाही. घरातही तिचा कप वेगळा, ओट्याखाली उपडा घातलेला. सुनेला बोलले तर म्हणते, आई इथे असंच असतं. मी आयुष्यभर सगळ्या जातीची पोरं एका रांगेत बसवून खिचडी वाढली. आता या वयात हे गप बघायचं का?

उत्तर : बाई, गप बघू नका, पण सगळं एकदम अंगावरही घेऊ नका.

कपाचं आधी. त्याला ना सोसायटीची मीटिंग लागते ना कुणाची परवानगी. उद्या चहा टाकाल तेव्हा सगळे कप एकसारखे काढा आणि तिच्यासोबत टेबलावर बसून प्या, बास. भाषण नको. सून बघेल, पहिल्या दिवशी तोंड करेल, आठवड्याने सवय होईल. आणि नाहीच झाली तर तेव्हा मात्र स्पष्ट विचारा की हा कप नक्की कशामुळे वेगळा आहे, स्वच्छतेमुळे म्हणाली तर तिला सांगा की त्या घरातली सगळी भांडी तीच बाई घासते आणि कणीकही तीच मळते.

पण सुनेला व्हिलन करू नका हं. ती सकाळी आठला निघते, संध्याकाळी ट्रॅफिकमधून परत येईपर्यंत तिचं डोकं उठलेलं असतं, बाईने दांडी मारली तर तिचा आख्खा दिवस कोसळतो आणि ऑफिसात ते कुणाला सांगताही येत नाही. अशा टॉवरमधल्या कितीतरी बायकांची नोकरी दुसऱ्या एका बाईच्या सहाच्या बसवर टिकून असते, आणि हे दोघींनाही माहीत असतं पण दोघीही बोलत नाहीत, त्यामुळे सगळं पगार, सुट्टी आणि कटकट यातच अडकतं. तुम्ही मधे आहात, तुम्हाला दोघींचं दिसतंय, ही जागा चांगली आहे तुमची.

लिफ्टची गोष्ट वेगळी. सर्व्हिस लिफ्ट मुळात फर्निचर, सिलेंडर, शिफ्टिंगचं सामान यासाठी असते आणि ते ठीकच आहे. त्यात माणसं कधी घातली हे कुणालाच सांगता येत नाही, कमिटीतल्या कुणीतरी एक कागद छापून लॅमिनेट करून चिकटवलेला असतो आणि वॉचमनला सांगितलेलं असतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये कामवाल्यांनी अमुक लिफ्टनेच जावं असं काही नाही. तुमचा मुलगा सभासद आहे ना, त्याला लेखी अर्ज द्यायला लावा, हा नियम कुठल्या ठरावाने झाला त्याची नक्कल मागा. बऱ्याचदा ठरावच सापडत नाही. सापडला तर पुढच्या वार्षिक सभेत विषय घ्यायला सांगा. मुलगा म्हणेल आई कशाला वाद, शेजारी काय म्हणतील. त्याला त्याची चौथीतली बाई कोण होती याची आठवण करून द्या.

आणि त्या वॉचमनवर राग काढू नका, तोही कुठल्यातरी तालुक्यातूनच आलेला असणार.

अजून एक. गेटवरच्या ॲपमध्ये ती किती वाजता आली, किती वाजता गेली याची मिनिटामिनिटाची नोंद असते, काही ठिकाणी तर स्टार पण देतात, पण दिवाळीचा बोनस दिला का, महिन्याच्या सुट्ट्या ठरवल्यात का, याचं बटण त्या ॲपमध्ये नसतं. ते तुम्ही वहीत करा, शिक्षिका आहात, वह्या घालायची सवय आहेच. कोणत्या कामाचे किती, सुट्ट्या किती, आजारपणात पैसे कापायचे का नाही, हे लिहून दोघींच्या सह्या. शिवाय २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी कामगार खात्याच्या ऑफिसात होते. हा कायदा पगार ठरवून देत नाही, ते डोक्यातून काढा, पण मंडळाच्या ज्या काही योजना निघतात त्या नोंदणी असलेल्यांनाच मिळतात. नोंदणीला ज्या घरी काम करते तिथला दाखला लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं, लोक सही करायला घाबरतात, उद्या ही आपल्यावर हक्क सांगेल म्हणून. मुलाची सही तुम्ही मिळवून द्या.

म्हसवड-दहिवडीकडची, माण तालुक्यातली माणसं काही हौसेने नाही गेली पुण्याला. पर्जन्यछायेतला तालुका, ७२ च्या दुष्काळापासून घरंच्या घरं उठून पुण्या-मुंबईला गेली. तुमच्या मुलाला शिक्षणाने नेलं, तिला कोरड्या विहिरीने. पण हे तिला सांगत बसू नका, तिला ते माहीत आहे, तिला पाच घरं अजून करायची असतात.

प्रश्न : मॅडम मी विट्याचा, वाकडला जॉबला आहे. पॅकेज ४.८० लाख. गावात आईने सगळ्यांना सांगितलंय पोरगं महिन्याला चाळीस हजार कमावतंय. हातात येतात ३३. फ्लॅट चौघात आहे, माझे ६५००, मेस ३८००, पेट्रोल ३०००, मोबाईलचा हप्ता न किरकोळ २५००, एज्युकेशन लोन ६०००, घरी ८००० पाठवतो. राहिले ३२००. त्यात शुक्रवारी टीमवाले ब्रूअरीत जातात आणि बिल सगळ्यात सारखं वाटतात, मी पितच नाही तरी १४०० जातात. नाही म्हटलं तर वेगळा पडतो. मामा म्हणतो सोड ते, माझ्याकडे गलाईच्या दुकानात ये. घरमालक ॲग्रीमेंट रजिस्टर करत नाही ते वेगळंच. डोकं चालेना झालंय.

उत्तर : अरे बाळा, तुझा हिशोब बघून पहिल्यांदा बरं वाटलं, कारण तो आहे. तुझ्या टीममधल्या किती जणांना स्वतःचा महिना असा मांडता येईल शंका आहे.

पॅकेज आणि हातातला पगार यातला फरक आईला एकदा कागदावर दाखव. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरचा व्हेरिएबल, हे सगळं त्या ४.८० मध्ये मोजलेलं असतं, ते दर महिन्याला हातात येत नाही. आपल्याकडे बैलाची किंमत विचारावी तसं पॅकेज विचारतात लोक, आणि मग चाळीस ऐकून कुणी उसने मागायला येतं, कुणी स्थळ घेऊन येतं. आईला ३३ चा आकडा सांगायला लाज वाटेल, वाटू दे, दोन महिने वाटेल.

शुक्रवारचं. तिथे दोन प्रकारची पोरं आहेत हे तुला कळलंय पण तू ते स्वतःशी नीट बोलत नाहीयेस. ज्याचं पुण्यात घर आहे, आईच्या हातचं जेवून येतो, लोन नाही, घरी काही पाठवायचं नाही, त्याचे ३३ हजार आणि तुझे ३३ हजार ही एक रक्कमच नाही. पगार सारखा म्हणून बिल सारखं, हे वरवर बरोबर दिसतं पण त्यात तूच जास्त भरतोस. म्हणून तोंडावर सांग, मी पीत नाही, माझं जेवणाचं मी देतो. पहिल्यांदा जीभ जड होईल. आणि खरं सांगू, त्या टेबलावर अजून एक-दोघं असतातच तुझ्यासारखे, लातूरचे नाहीतर बुलढाण्याचे, जे कुणीतरी आधी बोलायची वाट बघत असतात.

ॲग्रीमेंटचं मात्र मऊ पडू नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाडेकरार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, तुझी नाही. नाही नोंदवला तर त्याला दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो, शिवाय वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलटं सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे त्याला धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांग, डिपॉझिट अडकलंय तुझं तिथे. हल्ली ऑनलाइन होतं, घरबसल्या अंगठा लावून.

गलाईचं म्हणशील तर मामाचं चुकीचं नाही पण तो अर्धंच सांगतोय. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली, आज गावात त्यांचे बंगले दिसतात, पण त्या बंगल्याच्या आधीची वर्षं भट्टीच्या धुरात, दुकानातच अंथरूण टाकून गेलेली असतात, ती कुणी दाखवत नाही. तुझं चौघांच्या फ्लॅटमधलं आयुष्य आणि मामाचं विशीतलं आयुष्य यात फार फरक नाही. जायचं तर धंदा आवडतो म्हणून जा, शुक्रवारच्या १४०० रुपयांवर रागावून जाऊ नको.

प्रश्न : मी जत तालुक्यातला शेतकरी. भावाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्हेला, लई मोठा दवाखाना, खाली कॉफीचं दुकान, मॉलसारखं. आधी डिपॉझिट भरा म्हणाले. आम्ही म्हशी विकून पैसे आणले. नंतर शेजारच्या पेशंटचा पोरगा म्हणाला की हा धर्मादाय दवाखाना हाय, गरिबांना फुकट असतंय. आम्हाला कुणीच सांगितलं नाही. खरं हाय का?

उत्तर : दादा, खरं आहे, आणि तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांब लिहिते.

ट्रस्टने चालवलेली बरीच मोठी हॉस्पिटलं सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असतात, त्या नावावर त्यांना सवलती मिळालेल्या असतात, कुठे जमीन, कुठे करात सूट, कुठे जास्तीचा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी. त्या बदल्यात कायद्याच्या कलम ४१ एए प्रमाणे आणि मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के बेड निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायचे असतात. त्यासाठी प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची असते, म्हणजे बाजूच्या डिलक्स रूममधल्या पेशंटने जे भरलं त्यातलाच थोडा भाग तुमच्या भावासाठी ठेवलेला असतो. यात उपकार कुणाचेच नाहीत.

निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. कागद लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड. घाईगडबडीत जतहून पुण्याला जाताना कोण दाखला घेऊन जातं? म्हणून योजनेत हेही आहे की इमर्जन्सी असेल तर आधी ॲडमिट करून जीव वाचवायचे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही. प्रत्यक्षात काउंटरवरची मुलगी डिपॉझिटच मागते कारण तिला तेवढंच सांगितलेलं असतं. तिच्याशी भांडण करून उपयोग नाही. विचारायचं 'सोशल वर्करचं ऑफिस कुठंय', प्रत्येक अशा हॉस्पिटलात तो माणूस असतो, कधी तळमजल्याच्या टोकाला, कधी लॅबच्या मागे, पाटी बारीक. त्याच्याकडे लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. बेड नाही म्हणाला तर तेही लिहून मागायचं, आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या ऑफिसात तक्रार. कुठे किती बेड शिल्लक आहेत ते धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर बघता येतं, गावातल्या एखाद्या पोराला बसवा मोबाईल घेऊन.

भरलेले पैसे परत मिळतील का हे मी इथून सांगू शकत नाही, पण बिल अजून बंद झालं नसेल तर आजच अर्ज करा, घरचा कुणीतरी जतला तहसीलमध्ये दाखल्यासाठी पाठवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना लागू आहे, त्या हॉस्पिटलात ती आहे का, आजार यादीत बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा, तो योजनेचा माणूस तिथे टेबल टाकून बसलेला असतो.

आणि पुढच्यासाठी म्हणून, प्रत्येक दुखण्याला पुण्याला पळायची गरज नसते दादा. मिरज जवळ आहे, तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कर्नाटकातनं लोक मिरजेला येतात आणि आपण मिरजेवरून गाडी पुण्याला काढतो. काचेची बिल्डिंग म्हणजे चांगला डॉक्टर असं कुठं लिहिलंय.

प्रश्न : पुणे कुठल्या कुठे गेलं. आपल्या साताऱ्याचं असं कधी होणार? शिरवळ-खंडाळ्यापर्यंत तर आलंच आहे. आमची हायवेलगत तीन एकर आहे, एजंट रोज फोन करतो. (सातारा)

उत्तर : कसं व्हायला हवंय तुम्हाला साताऱ्याचं? २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्याआधी २०१७ मध्ये ११, आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. फ्लॅटच्या जाहिराती त्या गावांच्या आधीच लागल्या होत्या, नळाचं पाणी सगळीकडे अजून पोचायचंय. कोटीचा फ्लॅट आणि खाली टँकर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे (नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराचे) पेशंट भराभर वाढले आणि संशय थेट पाण्यावरच गेला. झालं तसं तर धरणं उशाशी असून आपणही टँकर बघणार.

जमिनीचं म्हणाल तर विकायच्या आधी एकदा हडपसरला मगरपट्टा बघून या. तिथल्या शंभरच्या वर शेतकरी घरांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्या-तुकड्याने बिल्डरला विकली नाही, एकत्र कंपनी काढली, जमिनीच्या हिशोबात शेअर घेतले आणि स्वतःच सिटी उभी केली. दुसरीकडे हायवेलगतची अशीही गावं आहेत जिथे जमीन गेली, पैशाची स्कॉर्पिओ आली, बंगला झाला, पोराचं लग्न धुमधडाक्यात झालं, आणि त्याच जमिनीवरच्या गेटला आता घरातलंच कुणीतरी वॉचमनचा निळा शर्ट घालून उभं असतं. दोन्ही ठिकाणची जमीन काळीच होती. एजंटला सांगा भावकीशी बोलून कळवतो, आणि खरंच बोला भावकीशी, एकट्याने विकू नका.

प्रश्न : तुम्ही पुण्याच्या लिफ्टवर पानं भरता, मागच्या अंकातही तेच. आमच्या पलूसला या की हंगामात. बीडकडची माणसं फडाच्या कडेला कोपीत राहतात, थंडीत बाया पहाटे तीनला मोळ्या बांधतात, पोरं पाचटात झोपलेली. त्यांचे कप कुठं ठेवतो आपण? (पलूस)

उत्तर : तुमचं पत्र जसंच्या तसं छापलंय, कारण त्यात काढण्यासारखं काही नाही.

आमच्या भागात नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, उचल (मुकादमाने आगाऊ दिलेले पैसे) त्या कोयत्यावर, हिशोब त्या कोयत्यावर, म्हणजे बाईची मजुरी बाईच्या हातात यायची सोयच नाही. हंगाम लवकर संपला, पाऊस आला, कुणी आजारी पडलं, तर उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी तोच मुकादम. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये पेपरात आलं तेव्हा आपण हळहळलो, आणि त्याच बाया दिवाळीनंतर आपल्या फडात होत्या. पाळीच्या दिवसांत कामाला खाडा परवडत नाही हे त्यामागचं कारण होतं, आणि खाड्याचा दंड आपल्याच भागातल्या उसावर लागतो. पुण्यातली सर्व्हिस लिफ्ट बघून ज्यांना चीड येते त्यांनी आपल्या फडावर शौचालयाची सोय आहे का, कोपीत वीज आहे का, कोपीतली पोरं जवळच्या झेडपी शाळेत बसतात का, एवढं तरी विचारावं. शाळेने नाव घालून घेतलंच पाहिजे, शिक्षण हक्क कायद्यात दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, त्याचं ओळखपत्र तुमच्या फडातल्या किती जणांकडे आहे ते बघून मला कळवा, पुढच्या अंकात तेच घेऊ.

प्रश्न : पुण्यात वन बीएचके पण परवडत नाही. म्हाडाची लॉटरी खरी असते का? आम्हा सांगलीवाल्यांना भरता येते का?

उत्तर : खरी असते आणि भरता येते. म्हाडाच्या पुणे मंडळात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाचही जिल्हे येतात. यात एक २० टक्क्यांची योजना असते, ती नीट समजून घ्या. मोठ्या शहरात ४००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डर प्रोजेक्ट करत असेल तर त्याला २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, ती म्हाडाच्या लॉटरीतून जातात. म्हणून कधी कधी एकदम भारी एरियात बाजारापेक्षा बऱ्याच कमी किमतीला घर निघतं. बऱ्याच ठिकाणी ती घरं बाजूच्या वेगळ्या बिल्डिंगमध्ये असतात, गार्डन-स्विमिंग पूल पलीकडे, ते आधी साइटवर जाऊन बघा म्हणजे नंतर मनाला लागणार नाही. पुणे महानगर भागात अत्यल्प गटाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख आहे, नवरा-बायकोचं मिळून. डोमिसाइल आणि उत्पन्नाचा पुरावा आताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लागते. लोनचंही बँकेत आधीच विचारून ठेवा, नंबर लागून हप्ते भरता न आल्यामुळे घर सोडणारे असतात. आणि एजंटला एक रुपया देऊ नका, सोडत कॉम्प्युटरवर निघते, आतून काम करून देतो म्हणणारा तुमचे पैसे घेऊन फोन बंद करतो.